घरच्या लेथवर ऑसिलेटिंग इंजिन: भोके जुळवायची रीत

ऑसिलेटिंग इंजिनाला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर एका पिव्होटवर डावी-उजवीकडे डुलतो. डुलताना त्याच्या अंगातले एक भोक फ्रेममधल्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येते. एकातून हवा आत शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते. म्हणजे सगळी करामत तीन भोकांची, आणि घरी केलेली बहुतेक इंजिने फिरत नाहीत तीही याच तीन भोकांपायी. व्हर्नियर, पंच आणि ड्रिल मशीनच्या भरवशावर ती आखली की दोन-तीन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. इथे दिलेल्या रीतीत ही भोके आखायचीच नाहीत. एका पट्टीतून तिन्ही पाडायची. पट्टीत चूक असली तरी ती सिलिंडरमध्ये आणि फ्रेममध्ये सारखीच उतरते आणि एकमेकींना खाऊन टाकते.

मापे अशी धरली आहेत: बोअर (सिलिंडरचे आतले भोक) १० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १६ मिमी म्हणजे क्रँकचा थ्रो (शाफ्टच्या मध्यापासून क्रँकपिनच्या मध्यापर्यंत) ८ मिमी, पिव्होटपासून क्रँकशाफ्टपर्यंत ४० मिमी, पिव्होटपासून पोर्टपर्यंत (हवेच्या भोकापर्यंत) १२ मिमी. पोर्टचे भोक किती मोठे चालेल ते यावरूनच ठरते. थ्रोला पिव्होट-शाफ्ट अंतराने भागा, ८ भागिले ४० म्हणजे ०.२. त्याला पोर्टच्या १२ मिमी अंतराने गुणा, २.४ आले. सिलिंडरचे भोक मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना इतके सरकते. भोकाचा व्यास या २.४ पेक्षा कमीच हवा, नाहीतर डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन धावेच्या टोकाला असताना, आत येणारी हवा थेट बाहेरच्या भोकात पळते. आपण २.३ मिमीचे ड्रिल वापरू. थ्रो चुकून ७.८ झाला तर सरक २.३४ वर येते, तरी चालून जाते. त्याखाली गेला तर ड्रिल २.२ चे घ्या. इंजिन लहान-मोठे करायचे असेल तर हाच हिशेब पुन्हा मांडा.

माल आणि जागा

सिलिंडरला २० मिमी चौकोनी पितळी सळई, फ्री-कटिंग जातीची. फ्रेमला २५ × १० मिमीची माइल्ड स्टीलची पट्टी, काळी नको, ब्राइट बार घ्या. जिगला, म्हणजे जिच्यातून भोके पाडायची त्या पट्टीला, २० × ३ मिमीची पट्टी. पिस्टनला १० मिमी, क्रँकशाफ्टला ६ मिमी आणि पिव्होट, क्रँकपिन, पिस्टन रॉड यांना ४ मिमी सिल्व्हर स्टील. नावात चांदी असली तरी हे सुमारे एक टक्का कार्बनचे पोलाद आहे, आणि मापात ग्राइंड केलेले मिळते हा त्याचा खरा फायदा. क्रँकच्या चकतीला २५ मिमी गोल स्टील, फ्लायव्हीलला ५० मिमी व्यासाचे जे हाताशी येईल ते. ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या टर्निंगच्या गाळ्यांत सळयांची टोके उरतात. वजनावर विचारून बघा. रीमर (भोक मापात गुळगुळीत करणारे हत्यार), टॅप आणि डाय (भोकात आणि सळईवर आटे पाडणारी हत्यारे) यांसाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला पर्याय नाही. ठाण्याहून लोकलने मशीद स्टेशनला उतरले की चालत जाता येते.

यंत्रांत एक छोटा बेंच लेथ, त्याला डॉग चक (चारही जबडे वेगवेगळे सरकणारा), आणि एक बेंच ड्रिल मशीन. फ्लॅटमध्ये काम असेल तर लेथखाली जाड रबर मॅट टाका आणि हॅक्सॉ दुपारीच चालवून घ्या. खालच्या मजल्यावर ड्रिलपेक्षा हॅक्सॉचा आवाज जास्त जातो, कारण तो टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापासाठी सपाट पाया, म्हणून किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला उरलेला तुकडा आणा, एक फूट चौरस पुरे. त्यावर स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून मागून बॅटरी मारा. कुठे उजेड डोकावला तर दुसरा तुकडा निवडा.

मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, अंगठी आणि गळ्यातली साखळी काढून ठेवायची. पितळेचा किस सुईसारखा उडतो, म्हणून चष्मा हवाच. फ्री-कटिंग पितळेत शिसे असते, तेव्हा काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.

आधी जिग

२० × ३ ची पट्टी ७० मिमी लांब कापा. स्वच्छ पुसून मोरचुदाचे पाणी लावा. पोलादावर तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर ओढलेली रेघ लख्ख दिसते. दोन्ही कडांपासून १० मिमीवर, बरोबर मधून, एक लांब रेघ ओढा. तिच्यावर 'अ' हे पिव्होटचे भोक ४ मिमी. 'अ'पासून एका बाजूला १२ मिमीवर 'ब', २.३ मिमी. दुसऱ्या बाजूला ३९.२ मिमीवर 'क', ४ मिमी. पंच आधी हलका मारा, भिंगातून बघा, टोक रेघेवर नसेल तर पंच तिरका धरून खूण ओढून आणा आणि मगच जोरात मारा. आधी सेंटर ड्रिल, मग पुरे ड्रिल.

३९.२ हा आकडा असा आला: क्रँक पट्टीला काटकोनात असताना सिलिंडर सर्वांत जास्त कललेला असतो, आणि तेव्हा पिव्होट ते क्रँकपिन हे अंतर ४० च्या वर्गातून ८ चा वर्ग वजा करून मूळ काढले की ३९.१९ येते. पण या आकड्याला घाबरू नका. ३९ झाले तरी पोर्टच्या जागेत एका मायक्रॉनचाही फरक पडत नाही, कारण कल टोकाला पोचलेला असताना क्रँक थोडा पुढेमागे झाला तरी पट्टी जवळपास हलतच नाही. १२ चे ११.९ झाले तरी बिघडत नाही, कारण तेच माप सिलिंडरलाही जाणार आहे. फक्त तेवढ्याने सरक २.३८ वर येते हे ध्यानात ठेवा.

'क'कडचा भाग कानशीने दोन्ही बाजूंनी घासून ८ मिमी रुंद करा, नाहीतर पुढे तो क्रँकशाफ्टला अडेल. आता पट्टीच्या एका तोंडावर 'सि' आणि दुसऱ्या तोंडावर 'फ्रे' असे कोरून ठेवा. इंजिन जुळल्यावर सिलिंडर आणि फ्रेम समोरासमोर येतात. ही पट्टी त्या दोघांच्या मधे ठेवली आहे अशी कल्पना करा: 'सि' तोंड सिलिंडरला टेकेल, 'फ्रे' तोंड फ्रेमला. भोके पाडतानाही तसेच टेकवायचे. 'ब' भोक मधल्या रेघेवरून थोडे सरकले असेल तर दोन्हीकडे एकाच बाजूला सरकून पडेल आणि जुळेल. पट्टी उलटी लागली तर तीच चूक दुप्पट होते.

सिलिंडर

चौकोनी सळई ३४ मिमी कापून डॉग चकमध्ये धरा. जबड्यांखाली थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्याच्या पट्ट्या द्या, पितळेवर वळ उठत नाहीत. डायल गेजचे टोक एका सपाट बाजूवर टेकवून, चक थोडा मागेपुढे हलवून काट्याचे सर्वांत कमी वाचन घ्या. चक अर्धा फेरा फिरवून समोरच्या बाजूचे घ्या. फरकाच्या निम्मे जबडे सरकवा. मग दुसरी जोडी. ०.०५ च्या आत आले की पुरे. एक तोंड फेस करा (टूलने सपाट करा), बोअर पाडा, मग फिरवून दुसरे तोंड फेस करून लांबी ३२ वर आणा.

बोअर पाडताना घाई नको. सेंटर ड्रिल, ६ मिमी, मग ९ मिमी. पितळेत नेहमीचे ड्रिल अचानक घुसते. स्क्रूसारखे स्वतःला आत ओढून घेते, आणि जॉब चकातून सुटतो किंवा ड्रिल मोडते. इलाज सोपा आहे. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर तेलाचा दगड ड्रिलच्या अक्षाला समांतर धरून दोन-तीनदा फिरवा, म्हणजे धारेवर अर्धा मिमीची उभी सपाट कड तयार होते. असे ड्रिल पितळ खरवडते, ओढत नाही. स्टीलला ते मग मंद वाटेल, म्हणून पितळेच्या ड्रिलांचा संच वेगळा ठेवा आणि दांड्यांना रंगाचा पट्टा मारा.

९ मिमीनंतर थेट रीमर लावायचा मोह होतो. इथेच चूक होते. रीमर आधीच्या भोकाच्या मागे जातो. ड्रिल वाकडे गेले असेल तर रीमर ते वाकडे भोक गुळगुळीत करतो, सरळ करत नाही. म्हणून मधे बोअरिंग टूलने ९.८ पर्यंत या. टूलचा दांडा ७ मिमीचा असला तरी ३२ मिमी खोलीत थोडा वाकतोच. शेवटचा कट मापाला न हात लावता दोनदा फिरवा. मग १० मिमीचा रीमर, २०० ते ३०० आरपीएम, पितळेत कोरडाच. आत सरळ घाला, चालू फेऱ्यात बाहेर काढा. उलटा फिरवलात तर किस धारेत अडकून बोअरवर ओरखडे उठतात. आज मात्र रीमर घालू नका, ९.८ वरच थांबा. पिव्होट आणि पोर्टची भोके बोअरमध्ये फुटतील तेव्हा आत बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार किनार, येईल. रीमर त्यानंतर फिरवला की बोअर आणि बर दोन्ही एकदम साफ.

आता पोर्ट फेस, म्हणजे फ्रेमला घासत राहणारी बाजू. ही बाजू बोअरला समांतर नसेल तर सिलिंडर डुलताना फेसवरून एका कडेला उचलला जातो आणि हवा फुसफुसते. तपासायची रीत अशी: बोअरमध्ये घट्ट बसेल इतका ९.८ चा टर्न केलेला दांडा घाला, दोन्हीकडे २० मिमी बाहेर राहू द्या. पोर्ट फेसच्या समोरची बाजू, म्हणजे पाठ, ग्रॅनाइटवर टेकवा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांवर डायल गेज फिरवा. फरक ०.०३ च्या आत हवा. जास्त असेल तर जाड काचेवर ३२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून, उंच टोकाकडे बोट दाबत पाठ घासा आणि पुन्हा मोजा.

पाठ सरळ झाली की तीच डॉग चकच्या तोंडावर टेकवून ठोकळा धरा, पोर्ट फेस बाहेर, ठोकळ्याचा मध्य चकच्या मध्यावर. पिव्होट बरोबर ठोकळ्याच्या मध्यावर येतो, १६ मिमी लांबीत आणि १० मिमी रुंदीत, म्हणून वेगळी आखणी लागत नाही. या एका पकडीत चार कामे करून घ्या. एक, पोर्ट फेसवरून ०.२ मिमी उतरवा. दोन, मध्यभागी १२ मिमी व्यासाचा ०.३ मिमी खोल खळगा करा. यामुळे सिलिंडर मधल्या उंचवट्यावर डुगडुगत नाही, कडांवर टेकतो. तीन, ३.३ मिमीचे भोक बोअरपर्यंत. चार, टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये टॅप धरून, मोटर बंद करून, प्लग काढून, चक हाताने फिरवत एम४ चे आटे पाडा. फेस आणि पिव्होट एकाच पकडीत झाले म्हणजे ते एकमेकांना काटकोनात आलेच. ठोकळा मधेच सोडून ड्रिल मशीनवर नेलात तर हा काटकोन पुन्हा मिळवायला अर्धा दिवस जातो.

टॅपबद्दल थोडे. तीन टॅपचा संच असतो, टेपर, सेकंड आणि बॉटमिंग. सुरुवात टेपरने. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पितळेत तेल नको, स्टीलमध्ये कटिंग ऑइल हवेच, अॅल्युमिनियममध्ये रॉकेल. एम३ ला २.५ चे ड्रिल पुस्तकात असते, पण स्टीलमध्ये २.६ घेतले तर आट्याची ताकद फारशी घटत नाही आणि टॅप मोडायची भीती बरीच कमी होते. एम५ ला ४.२, एम६ ला ५. जुन्या इंग्रजी ड्रॉइंगवर बीए आटे दिसतात. ६ बीए म्हणजे २.८ मिमी व्यास आणि ०.५३ पिच, कोन ४७.५ अंश. त्याच्या जागी एम३ टाकला तर लहान इंजिनात काही बिघडत नाही, फक्त भोकाच्या कडेला पुरेसे अंग उरते का ते बघा.

आणि टॅप पितळेत मोडलाच तर? किराणा दुकानातून तुरटी आणा. गरम पाण्यात विरघळेल तितकी विरघळवून काचेच्या बरणीत जॉब बुडवा आणि पाणी गरम राहील असे ठेवा. तुरटी पोलादाला खाते, पितळेला जवळपास सोडून देते. काही तास ते एक-दोन दिवसांत टॅपचा चुरा होतो. मधून मधून टॅपवर साचलेले बुडबुडे आणि काळा गाळ झटका. जॉबला दुसरा कुठलाही पोलादी भाग जोडलेला असेल तर हे करू नका, तोही जाईल. बरणी नंतर स्वयंपाकघरात परत न्यायची नाही.

आता जिग. 'सि' तोंड पोर्ट फेसवर, 'अ' भोकातून एम४ चा स्क्रू सिलिंडरच्या आट्यांत. पट्टीही २० मिमी, ठोकळाही २० मिमी. दोघांना व्हाइसच्या जबड्यांत एकत्र धरले की कडा आपोआप जुळतात. 'ब'ची बाजू ज्या टोकाला झाकण येणार त्या टोकाकडे. स्क्रू आवळा आणि 'ब'मधून २.३ चे ड्रिल बोअरमध्ये फुटेपर्यंत घाला, शेवटच्या अर्ध्या मिमीत दाब अगदी कमी करून. मग १० चा रीमर लावा. बोअरमध्ये बोट घालून बघू नका, कान साफ करायचा कापसाचा बड फिरवा. कुठे बर उरली असेल तर कापूस अडकतो.

रीमर नसेल तर डी-बिट

१० मिमीचा चांगला रीमर महाग पडतो. त्याच्या जागी डी-बिट, म्हणजे निम्मे घासलेल्या सळईचे भोक कापणारे हत्यार, घरीच करता येते. १० मिमी सिल्व्हर स्टीलच्या ९० मिमी तुकड्याचे एक टोक ४० मिमी लांब, जवळपास निम्म्यापर्यंत सपाट घासा. जाडी मायक्रोमीटरने ५.०५ ते ५.१ ठेवा, ५ च्या खाली गेली तर बिट लहान भोक पाडते. टोक पाच अंश मागे उतरते घासा, धार एकाच कोपऱ्याला.

विटांच्या आडोशात प्रोपेन टॉर्चने टोकाचा २५ मिमी भाग तापवा. ओट्यावर किंवा टाइल्सवर हे करू नका, ग्रॅनाइट तडकतो. किती तापवायचे ते चुंबकाने कळते: सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित जास्त लाल झाले की मिनिटभर तसेच धरून पाण्यात उभे, सरळ खाली बुडवा आणि वरखाली हलवा. आडवे ढवळले तर वाकते. कानस लावून बघा, ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. मग सपाट बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून दांड्याच्या बाजूने हळूहळू तापवा. रंग धारेकडे सरकत येतो. फिकट गवती रंग, म्हणजे सुमारे २३० अंश, धारेला पोचला की लगेच पाण्यात. निळा आला तर धार मऊ झाली, पुन्हा पहिल्यापासून.

वापरताना ९.८ च्या भोकाचे पहिले ५ मिमी बोअरिंग टूलने बरोबर १० करा. या तोंडाच्या आधाराने बिट सरळ जाते. तीन-तीन मिमीला बाहेर काढून किस झटका.

क्रँक, फ्रेम आणि उरलेली दोन भोके

क्रँकची चकती ६ मिमी जाड. एक तोंड फेस करून त्याच पकडीत ६ मिमीचे भोक रीम करा. मग फेस केलेले तोंड पॅरलल्सवर (सारख्या उंचीच्या सपाट पट्ट्यांवर) टेकवून ड्रिल मशीनवर ३.८ च्या ड्रिलने आणि मग ४ च्या रीमरने पिनचे भोक, मध्यापासून ८ मिमीवर. थ्रो तपासायला दोन्ही भोकांत ६ आणि ४ चे दांडे घालून बाहेरून मोजा: ८ अधिक ३ अधिक २, म्हणजे १३.० यायला हवेत.

फ्रेमची पट्टी ९० मिमी. तळापासून ३० वर क्रँकशाफ्ट, ७० वर पिव्होट. ड्रिल करण्याआधी ड्रिल मशीनचे टेबल तपासा. चकमध्ये वाकवलेली जाड तार धरून ती हाताने गोल फिरवा. टेबलावर सगळीकडे सारखीच टेकली पाहिजे. स्वस्त मशीनमध्ये बहुधा टेकत नाही, तेव्हा टेबलाखाली पत्र्याची शिम घाला. क्रँकशाफ्टला १० मिमीचे भोक पाडून त्यात पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) रिटेनिंग कंपाउंडने, म्हणजे धातूचे भाग पक्के चिकटवणाऱ्या द्रवाने, बसवा आणि बुश पक्का झाल्यावरच तो ६ मिमी रीम करा. दांडे घालून तपासताना बुशमधला ६ चा आणि पिव्होटमधला ४ चा मिळून बाहेरून ४५.० यावेत.

आता खरे काम. क्रँकपिन अजून पक्की केलेली नाही. ती चकतीच्या मागच्या बाजूने, फ्रेमकडे, ३ मिमी बाहेर येईल अशी तात्पुरती सरकवा. 'फ्रे' तोंड फ्रेमवर टेकवून जिग ठेवा, 'अ'मध्ये ४ मिमीचा दांडा पिव्होटच्या भोकात. क्रँकशाफ्ट चकतीसह बुशमध्ये घाला, चकती पट्टीच्या वर राहील. शाफ्ट फिरवा, पिन 'क' भोकात उतरेल. पट्टीला आता एकच जागा उरते. फ्रेमच्या कडेला क्लॅम्प लावा आणि 'ब'मधून २.३ चे ड्रिल ६ मिमी खोल. क्लॅम्प काढा, शाफ्ट दुसऱ्या बाजूला फिरवून पिन पुन्हा 'क'मध्ये उतरवा, दुसरे भोक. या दोन भोकांच्या मध्यांत ४.८ मिमी अंतर येते.

त्यांच्यापर्यंत हवा पोचवायला फ्रेमच्या दोन्ही कडांतून, जाडीच्या मध्यावर, आडवी भोके. कडेपासून पोर्टचा मध्य साधारण १०.१ मिमीवर आहे. खोली ११ मिमीच्या पुढे नेऊ नका, नाहीतर समोरच्या पोर्टच्या दिशेने भिंत पातळ होत जाते. ड्रिलवर इन्सुलेशन टेप गुंडाळून खोलीची खूण करा. नळीला एसी दुरुस्तीवाल्यांकडची बारीक तांब्याची नळी चालते. तिचा बाहेरचा व्यास मोजून तेवढे भोक, आणि साध्या कल्हईच्या सोल्डरने पक्की. सोल्डर जास्त झाले तर वाहत जाऊन पोर्ट बुजवते, म्हणून नळीत आधी लाकडी टूथपिक खोचा.

पिस्टन, झाकण

पिस्टन १० मिमी लांब. ग्राइंड केलेली सळई बहुधा १० पेक्षा एक-दोन शतांश कमीच भरते, म्हणून टर्निंग लागत नाही. ६०० नंबरच्या पेपरने पॉलिश करून बोअरमध्ये स्वतःच्या वजनाने हळू उतरेल असा करा. खालचे तोंड बोटाने झाकल्यावर तो अडकून राहिला पाहिजे. अर्धा मिमी रुंदीच्या दोन तेलखाचा पुरेत. पिस्टनच्या डोक्यापासून क्रँकपिनच्या मध्यापर्यंत ४२.५ मिमी. झाकणाची गुळणी, म्हणजे बोअरमध्ये जाणारा १० मिमीचा उंचवटा, २.५ मिमी ठेवा. त्याहून खोल गेली तर पोर्ट झाकते. झाकणाचे चार एम३ स्क्रूही आखू नका. झाकण जागेवर बसवून २.५ चे ड्रिल दोघांतून एकदम घाला, नंतर फक्त झाकणाची भोके ३.२ करा. झाकण आणि सिलिंडरच्या कोपऱ्याला एक पंचखूण मारून ठेवा.

जोडणी आणि रुसलेले इंजिन

दोन्ही पोर्ट फेस काचेवर ४०० आणि मग ८०० च्या वॉटर पेपरने, आठच्या आकड्यात, वेगवेगळे घासा. व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावून एकमेकांवर घासू नका. तिचे कण पितळेत रुततात आणि पुढे आयुष्यभर स्टीलचा फेस खरवडत राहतात. पिव्होट सिलिंडरच्या आट्यांत कंपाउंडने पक्का करताना त्याचे टोक बोअरपासून अर्धा मिमी अलीकडे थांबवा. आधी दोन्ही भाग अॅसिटोनने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बहुधा तेलकट घटक असतात.

स्प्रिंग बॉलपेनमधली चालते. पोर्टचे क्षेत्रफळ जेमतेम ४.२ चौरस मिमी आहे, एक बारला त्यावरचा जोर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या वजनाएवढा. फेसमधल्या गळतीचा दाब धरला तरी हलकी स्प्रिंग पुरते. नट आवळत गेलात तर गळती कमी होण्याआधी इंजिन थांबते.

एअरब्रशच्या कॉम्प्रेसरवरून १ ते १.५ बार द्या, दोन थेंब मशीन ऑइल टाकून. फ्लायव्हीलला हाताने ढकलावे लागतेच, हे एकाच बाजूने जोर देणारे इंजिन आहे. फुसफुसते पण फिरत नाही तर शाफ्ट हाताने फिरवत आवाज कुठे बदलतो ते ऐका. सगळ्या स्थितींत सारखा आवाज म्हणजे फेस सपाट नाही किंवा बोअरला समांतर नाही. फक्त डेड सेंटरला आवाज म्हणजे भोके मोठी झाली किंवा थ्रो कमी पडला. एका दिशेला जोरात आणि दुसऱ्या दिशेला रडतखडत फिरते तर जिग एकदा उलटी लागली आहे. अशा वेळी फ्रेमची भोके पितळी पिन सोल्डर करून बुजवा, फेस पुन्हा घासा आणि नव्याने पाडा. हाताने फिरवतानाच दर फेऱ्याला एका जागी जड लागते तर क्रँकपिन चकतीला काटकोनात नाही. नळ्यांची अदलाबदल केली की इंजिन उलटे फिरते, त्यात दोष नाही.

खाडीच्या हवेत स्टीलची फ्रेम जूनच्या पहिल्या सरीनंतर आठवड्यात तांबूस होते, आणि घामट बोटाचा ठसा त्याहून आधी. पावसाळ्यात इंजिन ठेवताना स्प्रिंग काढून सिलिंडर वेगळा करा, दोन्ही फेसना जाड तेल लावा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तसेच जोडून ठेवले तर फ्रेमवर गंज चढून त्याचा खड्डा नेमका पोर्टच्या कडेला पडतो, आणि तो ८०० च्या पेपरने जात नाही.